हात लागलेला दगड

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव वर्षातून दोनदा येतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडपातून पुढे सरकतं, कासव चौक ओलांडतं, पितळी उंबऱ्यावर येतं, मग चांदीच्या उंबऱ्यावर, आणि ढगांनी किंवा धुरक्यानं वाट अडवली नाही तर देवीच्या चरणांपर्यंत पोचतं. सगळ्यांची नजर मूर्तीकडे असते आणि ती तिथंच असावी. पण ज्याला संगणकावर दगड, लाकूड, धातू खरे दिसावेत असं वाटतं, त्यानं एकदा त्या वाटेकडेही बघावं. एकच किरण काळ्या दगडावरून, लाकडी खांबांवरून, पितळेवरून आणि चांदीवरून जातो. ऊन तेच, कोन तोच, आणि चारही पदार्थ त्याला चार तऱ्हेनं उत्तर देतात. दुपारी बारा वाजता काळी सपाट वाटणारी फरशी त्या तिरप्या उन्हात उजळून निघते, टाकीचा एकेक घाव उठून दिसतो, आणि जिथं रोज हजारो पावलं पडतात तिथं ओल्यासारखी चकाकी येते. दगडाचा रंग मात्र बदललेला नसतो.

टेक्श्चर मॅपचं, म्हणजे संगणकातल्या वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांचं, सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. पदार्थ ओळखू येतो तो मुख्यतः प्रकाशाला तो काय उत्तर देतो त्यावरून, आणि ते उत्तर त्या पदार्थाचं आजवर काय झालं त्यावर ठरतं: कुणी घडवला, कुठं घासला, कुठं तेल लागलं, कुठं हात फिरले.

पृष्ठभागावर चित्र चढवायची रीत १९७४ साली एडविन कॅटमल यांनी युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडली. चार वर्षांनी जेम्स ब्लिन यांनी पृष्ठभाग प्रत्यक्ष न हलवता नुसता त्याचा नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा बाण) डळमळवून सुरकुत्या दाखवल्या. २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी बेस कलर (मूळ रंग), मेटॅलिक (धातू आहे की नाही), रफनेस (खरखरीतपणा; ० म्हणजे आरशासारखं, १ म्हणजे पूर्ण खरखरीत) अशी कलाकाराच्या हाताला समजतील अशी मोजकी मापं ठरवली, आणि आज ब्लेंडर किंवा अनरियल हे थ्रीडीचे प्रोग्राम घ्या, थोड्याफार फरकानं तीच मांडणी सापडते. साधनं एवढी पुढं आली तरी बरीच कामं पहिल्याच पायरीवर थांबतात. दगडाचा फोटो काढला, भिंतीवर चढवला, रेंडर लावला, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेतलं. मग भिंत कागद चिकटवल्यासारखी दिसते आणि दोष लाइटिंगला दिला जातो.

आधी रंगाचं बघू, कारण इथं एक चूक जवळजवळ सगळे करतात. आपल्याकडच्या बेसॉल्टला आपण काळा दगड म्हणतो, म्हणून बेस कलरमध्ये काळा रंग भरतो. आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) तिन्ही २५५ पैकी २५ वगैरे. २५ म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाच्या साधारण एक टक्का प्रकाश परत देणारा पदार्थ. लाकडी कोळसासुद्धा चार टक्क्यांच्या आसपास देतो, म्हणजे ५० ते ५६. कोळशाहून काळ्या दगडाचा वाडा उभा केला तर त्यावर कितीही दिवे लावा, कोरीव काम दिसणार नाही. कोरडा, ऊन-पाऊस खाल्लेला बेसॉल्ट ८० ते ११० च्या घरात ठेवावा. पडद्यावर नुसता रंग बघितला तर तो राखाडी वाटेल आणि हात आपोआप गडद करायला जाईल. जाऊ देऊ नये. शेजारी चुन्याची पांढरी भिंत आली की तोच राखाडी काळा दिसतो. डोळा नेहमी तुलनेनं बघतो. बेस कलरमध्ये सावली आणि चकाकी यांना जागा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. फोटोत डावीकडून ऊन आलेलं असेल आणि सीनमध्ये सूर्य उजवीकडे असेल, तर प्रत्येक खळगा दोन दिशांनी सावली टाकतो. काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण चित्र खोटं आहे हे कळतं.

त्यामुळे फोटो ढगाळ दिवशी काढायचा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ढगांना तोटा नाही, पण त्याच दिवसांत दगड ओला असतो, आणि ओल्या दगडाचा बेस कलर कोरड्या भिंतीला चालत नाही. पावसानं दोन दिवस उघडीप दिली आणि आभाळ मात्र भरलेलंच आहे, असे मोजके दिवस हेरून ठेवावे लागतात. ते साधलं नाही तर इमारतीची सावलीतली बाजू धरावी. तिथं रंगात निळी झाक येते, म्हणून पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) ठेवून व्हाइट बॅलन्स दुरुस्त करावा. ५० एमएमच्या आसपासची लेन्स, एफ ८, रॉ फाइल, कॅमेरा भिंतीला समांतर, आणि फ्रेममध्ये एक स्टीलची पट्टी. पट्टी विसरली की पुढं मापाचा अंदाज सुरू होतो आणि अंदाजानं केलेला दगड हमखास मोठा होतो. दोन मीटर भिंत ४०९६ पिक्सेलमध्ये बसवली तर एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला हे भरपूर झालं. कॅमेरा हातभर अंतरावर येणार असेल तर पुरणार नाही.

दगडावरची चकाकी फोटोतून काढायला फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारी) आणि लेन्सवर पोलरायझर लावून तो नव्वद अंशात फिरवतात. चकाकी जाते, खरा रंग उरतो. पोलरायझर परत फिरवून तिथंच दुसरा फोटो काढला आणि दोन्हींतला फरक बघितला, तर दगड कुठं गुळगुळीत आहे त्याचा नकाशाच हाती येतो. या दुसऱ्या फोटोला दोन मिनिटं लागतात, आणि रफनेसचा मॅप रंगवताना त्याच्याइतका उपयोगी दुसरा कागद नाही.

आता एक तांत्रिक चूक, जी एका क्लिकमध्ये होते आणि एका क्लिकमध्ये सुटते. बेस कलरचं चित्र एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठी वळवलेला रंग, म्हणून वाचायचं असतं. रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल, हाइट (उंची) ही चित्रं दिसायला चित्रं असली तरी आत नुसते आकडे आहेत. ब्लेंडरमध्ये त्यांना ‘नॉन-कलर’ करावं लागतं. ते राहिलं तर प्रोग्राम त्या आकड्यांना रंग समजून वळवतो आणि ०.५ चं ०.२१ होतं. खरखरीत ठेवलेला दगड पॉलिश केल्यासारखा चमकायला लागतो. नॉर्मल मॅपमध्ये तर सपाट भागाचा १२८ हा आकडाच सरकतो, म्हणजे सगळी भिंत एका बाजूला कलंडल्यासारखी प्रकाश घेते. दगड विनाकारण ओला दिसत असेल तर पहिल्यांदा हीच जागा तपासावी.

नॉर्मल मॅपची दुसरी खोड हिरव्या चॅनेलची, म्हणजे वर-खाली कल सांगणाऱ्या भागाची. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या दोन रीतींत हिरवी चॅनेल एकमेकींच्या उलट असते. ब्लेंडर पहिली मानतं, अनरियल दुसरी. उलटी लागली की टाकीच्या घावांच्या जागी फोड येतात. ओळखायला सोपं आहे: हिरवी चॅनेल एकटी उघडून बघा; उंचवट्याची वरची कड उजळ असेल तर मॅप ओपनजीएलचा. आणि नॉर्मल मॅप जेपेगमध्ये साठवू नये. जेपेगचे चौकोन नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण चकाकी त्यांच्यावरून गेली की फरशीवर जाळी उमटते.

एवढी तयारी झाली की खरं काम सुरू होतं, ते रफनेसचं.

बरेच जण बेस कलर कृष्णधवल करतात, कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि तोच रफनेसला जोडतात. काहीतरी हालचाल दिसते म्हणून बरं वाटतं. पण बेसॉल्टच्या बारीक भोकांत भरलेलं पांढरं खनिज, दगडावर पडलेला चुन्याचा ओघळ आणि कबुतराची विष्ठा या तिन्हींचा पांढरेपणा सारखाच. चकाकी मात्र तिघांची तीन तऱ्हांची. रंगावरून रफनेस काढता येत नाही. तो काढायचा कारणावरून.

देवळाची एखादी पायरी घेऊ. पाथरवटानं ती टाकीनं घडवली तेव्हा सगळीकडून सारखीच खरखरीत होती, रफनेस ०.८५ धरा. मग शेकडो वर्षं माणसं चढली-उतरली. माणूस पायरीच्या टोकाला, भिंतीला चिकटून चढत नाही. मध्ये आणि पुढच्या कडेजवळ पाऊल टाकतो. तिथं टाकीच्या घावांची वरची टोकं झिजली, रफनेस ०.४५ वर आला. घावांच्या तळाशी मात्र पाऊल पोचलं नाही, तिथं ०.८५ च राहिला आणि वर धूळ बसली. म्हणजे झिजलेल्या पट्ट्यात दोन आकडे मिसळलेले असतात आणि त्यांची वाटणी हाइट मॅपवरून होते: उंच तेवढं गुळगुळीत, खोल तेवढं खरखरीत. कडेची धार गेलेली असते, तिला मॉडेलमध्येच गोलाई द्यावी लागते. पायरीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं झाडूही नीट पोचत नाही, तिथं तेलकट मळ. इतकं सगळं एका पायरीत आहे, आणि त्यात बेस कलरचा वाटा फार थोडा.

खांबांचंही तसंच. माणसाचा हात साधारण पाऊण मीटर ते दीड मीटर उंचीवर टेकतो. ब्लेंडरमध्ये टेक्श्चर कोऑर्डिनेटमधून ऑब्जेक्टचा झेड, म्हणजे उंची, घ्यावी (खांबाचा ओरिजिन, म्हणजे मापाचा शून्यबिंदू, तळाशी हवा), मॅप रेंजनं त्या पट्ट्याचा मऊ कडांचा मास्क (परिणाम कुठं हवा ते सांगणारा नकाशा) करावा, त्याला मोठ्या आकाराच्या नॉइझनं (अनियमित ठिपक्यांच्या नमुन्यानं) गुणावं आणि त्या मास्कवर रफनेस ०.८ वरून ०.४ वर आणावा. पट्टा सगळीकडून सारखा आला तर पॉलिश मारल्यासारखा दिसेल, म्हणून नॉइझ. आणि भिंतीकडची बाजू मास्कमधून वगळावी, कारण खांबाच्या मागं हात जात नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले, शिलाहारांच्या काळातले खांब ज्यांनी बघितले आहेत त्यांना हे लगेच पटेल. चरकावर फिरवल्यासारखी गोल वलयं, आणि प्रत्येक वलयाच्या बाहेर आलेल्या कडेवर वेगळी झळाळी. ती झळाळी काढली तर वलयं दिसतील, पण हात लागलेला दगड दिसणार नाही.

ओल्या दगडाला वेगळी वागणूक लागते. पाणी मुरलं की दगड गडद होतो, कारण पाण्याच्या थरात शिरलेला प्रकाश वरच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा आत वळतो आणि दर खेपेला थोडा शोषला जातो. म्हणून बेस कलर निम्म्याच्या आसपास आणावा. दगड जितका सच्छिद्र तितका जास्त. पण रफनेस नुसता ०.१ केला तर दगड वार्निश केल्यासारखा दिसतो. पाणी खळगे भरून सपाट होतं, दगडाचा खडबडीतपणा त्याच्या खाली राहतो. तेव्हा दगडाचा रफनेस आणि नॉर्मल तसेच ठेवून वर कोटचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, थर द्यावा: आयओआर (अपवर्तनांक) १.३३, रफनेस ०.०५, आणि कोटच्या नॉर्मलला दगडाचा नॉर्मल मॅप जोडू नये. कोटचा मास्क हाइट मॅपवरून उलटा काढला की पाणी खळग्यांत राहतं आणि उंचवटे कोरडे होतात. रंकाळा तलावाच्या काठावर पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं दगड असाच दिसतो.

किती बारकावा मॉडेलमध्ये करायचा आणि किती मॅपवर सोडायचा, हा प्रश्न कोल्हापुरी चपलेवर चांगला समजतो. पट्ट्यावरची वेणी आणि गोंडा बाह्यरेषा मोडतात, त्यांची सावली दिसते. ती मॉडेलमध्येच करावी, तिथं कुठलाही मॅप कामाचा नाही. पट्ट्यावरचे ठसे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचे, ते हाइट मॅप आणि डिस्प्लेसमेंटनं, म्हणजे पृष्ठभाग खरोखर हलवून. कातड्याचे दाणे त्याहून बारीक, ते नॉर्मल मॅपवर. आणि पिक्सेलपेक्षाही बारीक असतं ते सगळं रफनेसमध्ये जातं. रफनेस म्हणजे दिसत नाही इतका बारीक खडबडीतपणाच. कॅमेरा मागं गेला की प्रत्येक गोष्ट एकेक पायरी खाली उतरते. जवळून घेतलेला दाणेदार नॉर्मल मॅप दुरून तसाच ठेवला तर कातडं अभ्रकासारखं लुकलुकतं आणि अॅनिमेशनमध्ये ते फारच खटकतं; अशा वेळी नॉर्मलची ताकद कमी करून रफनेस ०.१ ते ०.१५ नं वाढवावा.

बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं ते कातडं नवं असताना फिकट तपकिरी, रफनेस ०.५५. तळाच्या थरांची कापलेली कड ०.८, तिथं तंतू दिसतात. चपल वापरात आली की टाच, चवड्याचा फुगीर भाग आणि बोटांचे पाच ठसे गडद आणि गुळगुळीत होतात, ०.३५ पर्यंत. हे ठसे बेस कलर आणि रफनेस दोन्हींत एकाच मास्कनं यायला हवेत. एकात दिले आणि दुसऱ्यात विसरले तर ते डाग वाटतात. दुकानात मांडलेली चपल दाखवायची असेल तर यातलं काहीच नको. तिथं तेल दिलेल्या कातड्याची एकसारखी मंद चमक पुरे.

डिस्प्लेसमेंट वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. हाइट मॅप ८ बिटचा असेल तर उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि मऊ चढावर जिने दिसतात. १६ बिटचा पीएनजी किंवा ईएक्सआर घ्यावा. आणि ऑब्जेक्टचं स्केल लावून (अप्लाय करून) घेतल्याशिवाय आकडा टाकू नये. डिस्प्लेसमेंटमधलं स्केल ०.००३ म्हणजे तीन मिलिमीटर, हे तेव्हाच खरं ठरतं.

धातूकडे यायचं तर नियम कडक आहे. मेटॅलिक एकतर ० किंवा १. मधले आकडे फक्त मास्कच्या कडेला, पिक्सेलभर. धातूला स्वतःचा पसरट रंग नसतो, बेस कलर म्हणजे त्याच्या प्रतिबिंबाचा रंग. सोनं २५५, २२६, १५७. चांदी २५२, २५०, २४५. पितळ २४५, २२८, १७४ च्या आसपास. कोल्हापुरी साजाचं सोनं गडद हवं म्हणून बेस कलर काळवंडला की सोन्याचं पिवळं प्लॅस्टिक होतं. साजातल्या पानडींच्या खाचांत जो काळपटपणा दिसतो तो सोन्याचा नाही, तिथं बसलेल्या मळाचा आणि सावलीचा आहे. त्याला वेगळा मास्क, मेटॅलिक ०, रफनेस ०.६. आणि सोन्याभोवती रिकामा राखाडी सीन ठेवला तर सोनं प्रतिबिंब तरी कशाचं दाखवणार? एक चांगला एचडीआरआय (भोवतालच्या उजेडाचं सगळीकडून घेतलेलं चित्र), किंवा पांढरे दोन प्रकाशमान पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक काळी पट्टी. दागिन्याची सगळी वळणं तिथून उमटतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतलं बिडाचं कास्टिंग या नियमाचा उत्तम धडा आहे. वाळूच्या साच्यातून आलेली त्याची बाहेरची कातडी ऑक्साइडची, म्हणून मेटॅलिक ०, रफनेस ०.७५, लेथवर फिरवलेला तोंडाचा भाग मेटॅलिक १, रफनेस ०.३, आणि टूलच्या रेघांच्या दिशेनं अॅनिसोट्रॉपी (एका दिशेला ओढलेली चकाकी). एकाच वस्तूत दोन्ही टोकं, मधलं काही नाही.

तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती दिसायला सोपी आणि करायला अवघड. रफनेसचा प्रश्न नाही, ०.९५ ठेवून विसरावं. अडचण पुनरावृत्तीची. एक मीटरचा तुकडा दहा मीटरच्या हौद्यात शंभर वेळा येतो, आणि त्यात एखादं ढेकूळ जरा मोठं असेल तर डोळा ते शंभरही वेळा मोजतो. टाइल करताना नजरेत भरणारं सगळं आधी पुसून टाकावं, तुकडा मुद्दाम बेचव करावा. मग तीन-चार मीटर आकाराच्या नॉइझनं उजळपणा आठ-दहा टक्के वरखाली करावा, तोच तुकडा फिरवून वेगळ्या मापात दुसऱ्यांदा मिसळावा, आणि पुसलेली ढेकळं खरी मॉडेल करून विखरावीत. हौदा फावड्यानं खणला जातो, तेव्हा ढेकळांना फावड्याच्या फटक्याची दिशा हवी. ओलसर माती गडद करायची, चमकदार मात्र नाही.

अॅम्बियंट ऑक्लूजनचा (खाचाकोपऱ्यांतल्या सावलीचा) मॅप ब्लेंडरच्या सायकल्ससारख्या रेंडररमध्ये बेस कलरवर गुणू नये. सावली तो स्वतः काढतो, दुहेरी होते. आणि फाइल पाच एमबीची आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ४०९६ चा एक मॅप ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत उलगडला की ६४ एमबी होतो, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान लहान प्रती) धरून ८५ च्या पुढं. मागच्या भिंतीला १०२४ पुरतो.

सगळे मॅप लागल्यावर तपासायची एक पद्धत मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. सूर्य क्षितिजापासून आठ-दहा अंशांवर आणावा आणि कॅमेरा उन्हाच्या समोर ठेवावा. दगडासारखा धातू नसलेला पदार्थ समोरून बघताना जेमतेम चार टक्के प्रतिबिंब देतो, पण कोन जितका तिरपा तितकं ते चढत जातं. म्हणून दुपारच्या सीनमध्ये लपलेल्या चुका इथं उघड्या पडतात. मग प्रत्येक मटेरियलचा बेस कलर काढून सगळीकडे एकच राखाडी द्यावा, नॉर्मल, रफनेस आणि मेटॅलिक तसेच ठेवावेत, आणि रेंडर लावावा. फरशी कुठली, लाकडी खांब कुठला, उंबऱ्याचा धातू कुठला, हे त्या राखाडी चित्रात ओळखू आलं पाहिजे. फरशी आणि खांब एकसारखे दिसले तर रंग परत जोडायच्या आधी खांबाचा रफनेस उघडावा. दहापैकी नऊ वेळा तिथं एकच सपाट आकडा भरलेला सापडतो.